व्यसन, आनुवंशिकता आणि पुरुषार्थ

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



सप्तव्यसनांच्या त्यागाचा उपदेश जैन घरातील बालकाच्या कानी पाठशाळेपासूनच पडत असतो. मद्य हे त्या सातांपैकी एक. तंबाखू पोर्तुगीजांमार्फत या देशात फार नंतर आली, म्हणून प्राचीन यादीत तिचे नाव नाही. तथापि तिची गणना व्यसनातच होते, याविषयी दुमत नाही. असे असूनही काही घरांत व्यसन शिरते आणि मग दोन वाक्ये ऐकू येतात. घरची वडील मंडळी म्हणतात, "आमच्या कुळात असे कधी नव्हते." आणि व्यसनी गृहस्थाचा मुलगा म्हणतो, "वडिलांचेच रक्त आहे, माझ्या हाती काय?" पहिल्या वाक्यात अभिमान आहे, दुसऱ्यात हताशा. आधुनिक आनुवंशिकशास्त्राच्या कसोटीवर दोन्ही वाक्ये अपुरी ठरतात.

वारशाचा भाग आहे, हे प्रथम मान्य करावे लागते. डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मद्यासक्त आई किंवा वडिलांच्या पोटी जन्मलेल्या, परंतु तान्हेपणीच परक्या घरी दत्तक गेलेल्या ५५ मुलग्यांची त्यांनी मोठेपणी तपासणी केली. जन्मदात्याच्या सहवासात न वाढताही त्यांच्यापैकी १८ टक्के मद्यासक्त झाले होते. तशी पार्श्वभूमी नसलेल्या दत्तक मुलग्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. घर बदलले तरी वारसा सोबत गेला. पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की, तो वारसा असूनही शंभरातील ८२ जण मद्यासक्त झाले नाहीत.

तंबाखूचेही असेच आहे. तिच्यातील निकोटिन यकृतातील एका एन्झाइममुळे निष्प्रभ होते. ज्यांच्यात हे काम जलद होते त्यांना तलफ लवकर येते व सवय सोडणे अधिक कठीण जाते. ज्यांच्यात मंद होते त्यांना तुलनेने सोपे जाते. निकोटिन मेंदूत ज्या कुलपात किल्लीसारखे बसते, त्याच्या घडणीतील एक महत्त्वाचा भेद पंधराव्या गुणसूत्रावर असल्याचे २००८ मध्ये निदर्शनास आले. पुढे २०२२ मध्ये सुमारे ३४ लाख व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या संशोधनात धूम्रपान व मद्यपान यांच्याशी निगडित जवळजवळ चार हजार जनुकीय भेद आढळले. त्यांतील बहुतेक प्रत्येकाचा प्रभाव अत्यल्प. 'दारूचे जनुक' नावाची एखादी वस्तू शरीरात ठाण मांडून बसलेली नाही. आणि निकोटिन विडीतले असो वा पुडीतले, शरीर त्यात भेद करीत नाही. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे आढळले होते, हे ध्यानी ठेवावे.

मग हा वारसा कधी जागा होतो? या प्रश्नाचे उत्तर दोन देशांनी दिले आहे.

स्वीडनमधील जुळ्या भावंडांचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. १९२५ पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांच्या काळी स्त्रीने तंबाखू सेवन करणे समाजाला रुचत नव्हते. त्या पिढीत हे व्यसन विरळ होते आणि त्यावर आनुवंशिकतेचा प्रभाव दिसून आला नाही. १९४० नंतर जन्मलेल्या स्त्रियांच्या काळी बंधने सैल झाली. त्यांच्यात व्यक्ती-व्यक्तींमधील फरकाचा सुमारे ६० टक्के भाग आनुवंशिकतेशी निगडित आढळला, म्हणजे जवळजवळ पुरुषांइतकाच. एवढ्या थोड्या वर्षांत रक्त बदलत नाही. बदलली ती रीत.

जपानची कथा याच्या उलट आहे. तेथील अनेकांच्या शरीरात मद्याचे विघटन अर्ध्यावर अडते; चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. हा वारसा म्हणजे निसर्गाने घातलेले कुंपणच. तथापि तेथे व्यवसायातील बैठकींबरोबर मद्यपानाची प्रथा रुजली. मद्यासक्त रुग्णांमध्ये या संरक्षक जनुकाची एक प्रत असलेल्यांचे प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होते. १९८६ मध्ये ते ८ आणि १९९२ मध्ये १३ टक्के झाले. म्हणजे समाजाच्या आग्रहापुढे जन्मजात कुंपणही टिकले नाही.

जैन तत्त्वज्ञानाला उपादान आणि निमित्त हे शब्द नवे नाहीत. कर्माचा उदयही द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव यांच्या योगाने होतो, असे शास्त्र सांगते. जनुक म्हणजेच कर्म, असे समीकरण मांडण्याचा येथे हेतू नाही; दोन्हींची क्षेत्रे भिन्न आहेत. परंतु बीज असूनही निमित्ताअभावी ते सुप्त राहू शकते, हा विचार या श्रोत्यांना सहज पटावा.

यातून समाजाला एक कठोर सत्य स्वीकारावे लागेल. जैन कुटुंबांत मद्यपान कमी दिसत असेल, तर ते रक्ताच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे. ती मर्यादेची पुण्याई आहे. मुलगा शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुणे, बंगळूर किंवा परदेशी जातो तेव्हा कुळाची मर्यादा गावी राहते आणि वारसा मात्र त्याच्याबरोबर जातो. त्या घरात एखादे काका व्यसनाने गेले असतील आणि "हृदयविकाराने गेले" एवढेच त्याला सांगितले असेल, तर तो अंधारात पाऊल टाकत आहे. सोयरिकीच्या भीतीने झाकलेली गोष्ट अशा वेळी पुढच्या पिढीला महाग पडते. मधुमेहाचा इतिहास मुलांना सांगितला जातो, तसाच हाही सांगितला जावा. ज्याच्या वारशात धोका अधिक, त्याच्यासाठी पहिला घोट न घेण्याचा नियम हा केवळ उपदेश न राहता औषधच ठरतो.

तसेच लग्नसमारंभाच्या आदल्या रात्री 'पाहुण्यांसाठी' म्हणून जी वेगळी खोली उघडली जाते, ती कोणाच्या तरी सुप्त बीजाला पाणी घालत असते, याचा यजमानांनी विचार करावा.

आणि जो अडकला आहे, त्याचा तिरस्कार होऊ नये. एकाच पंगतीत बसलेल्या दोघांपैकी एक सहज उठतो, दुसऱ्याला उठवत नाही. त्यात पहिल्याचे सारेच श्रेय नसते आणि दुसऱ्याचा सारा दोष नसतो. त्याला औषधोपचार, समुपदेशन आणि घरच्यांचा धीर या तिन्हींची आवश्यकता असते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी हा मार्ग दाखवून दिला आहे.

व्यापारी समाजाला समजेल अशा भाषेत सांगायचे तर, आनुवंशिकता ही वहीतील आरंभीची शिल्लक आहे, वर्षअखेरचा ताळेबंद नव्हे. आरंभी देणे असलेली पेढीही सचोटीने सावरते, आणि भरल्या तिजोरीची पेढीही निष्काळजीपणाने बुडते. मधले सारे व्यवहार पुरुषार्थाच्या खाती जमा होतात. मात्र पहिले पान उघडून पाहण्याचे धैर्य हवे.

या विवेचनात जिनवाणीच्या विपरीत काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!