घरांत दमा आणि दारांत कुत्रें

वाशिम जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरीं कुत्रें बहुधा हौसेखातर येत नाहीं. तुरीच्या व सोयाबीनच्या उभ्या पिकांत रात्रीं रोही आणि रानडुकरें शिरतात. आणि जागलीस गेलेल्या माणसास त्यांची चाहूल लागण्यापूर्वीं ती कुत्र्यास लागते. रिसोड-मालेगांवकडील शेतांवर काय, किंवा मानोऱ्याकडील तांड्यांवर काय, तें आपल्या दृष्टीस पडतेंच. अशा एखाद्या घरांतील मुलास दमा जडला आणि डॉक्टरांनीं "कुत्रें काढा" असें सांगितलें, म्हणजे मोठा पेंच उत्पन्न होतो. मुलाचा जीव सर्वांहून मोलाचा हें खरें; पण राखण कोणीं करावी? शिवाय त्या कुत्र्यावर ज्याचा सर्वांत अधिक लोभ, तेंच मूल कित्येकदां आजारी असतें. या पेंचांतून वाट कशी काढावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

कुत्र्यास दूर लोटणें आपल्या मनास सहजीं रुचत नाहीं. आपलें कारंजें हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. तेथें घरोघर दत्तात्रेयांची तसबीर असावयाची, आणि तींतील चार कुत्रीं म्हणजे चार वेद, अशी भाविकांची समजूत. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा तर आपण सर्वांनीं ऐकली आहे. मात्र तसबिरींतील तीं कुत्रीं देवाच्या पायांशीं उभीं आहेत, अंथरुणावर नाहींत, ही गोष्ट माझ्या आजच्या विषयाला फार सोयीची आहे!

ज्याला आपण आतां सर्रास 'ॲलर्जी' म्हणतों, तो शब्द व्हिएन्ना येथील बालरोगवैद्य पिर्के यांनीं 1906 सालीं प्रचारांत आणला. शरीरास एखादी निरुपद्रवी वस्तु शत्रूसारखी भासते व तें तिच्याशीं झुंजूं लागतें. शिंका, डोळ्यांची खाज, अंगावर गांधी आणि दम्याची धाप हा त्या झुंजीचाच परिणाम. लोकांचा समज असा कीं, हा दोष कुत्र्याच्या केंसांचा. तो बरोबर नव्हे. दोष आहे कुत्र्याच्या लाळेंत व कातडीच्या कोंड्यांत असणाऱ्या कांहीं प्रथिनांचा. त्यांतील मुख्य प्रथिनास शास्त्रज्ञांनीं 'कॅन एफ १' असें नांव दिलें आहे. कुत्रें अंग चाटतें, लाळ वाळते, कोंडा झडतो, आणि त्याचे अतिसूक्ष्म कण हवेंत बराच वेळ तरंगत राहतात. ते कपड्यांस चिकटून जेथें कुत्रें कधीं गेलें नाहीं अशा शाळेच्या वर्गांतहि पोहोंचतात.

यावरून ध्यानांत येईल कीं, "ॲलर्जी न होणारी जात" म्हणून शहरांतून जीं पिलें मोठ्या किंमतीस विकलीं जातात, त्यांच्यावर पैसे घालण्यांत अर्थ नाहीं. अमेरिकेचे तेव्हांचे अध्यक्ष ओबामा यांच्या कन्येस ॲलर्जी होती म्हणून 2009 सालीं त्यांच्याकडे 'बो' नांवाचें पोर्तुगीज जातीचें कुत्रें आलें, आणि या कल्पनेचा जगभर गाजावाजा झाला. पुढें 2011 सालीं अमेरिकेंत घरोघरची धूळ तपासली, तेव्हां अशा जातींच्या व इतर जातींच्या घरांत त्या प्रथिनाचें प्रमाण सारखेंच आढळलें. आणि 2012 सालच्या हॉलंडांतील तपासणींत तर या नामांकित जातींच्या केंसांतच तें अधिक निघालें. आपल्याकडील कारवानी किंवा मुधोळ कुत्रें, ज्याचें चित्र 2005 सालीं टपालाच्या तिकिटावर आलें, तें आंखूड केंसांचें असल्यानें पुसावयास सोपें. गांवठी कुत्र्याचेंहि तसेंच. पण सोपें म्हणजे निर्दोष नव्हे. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत फार अंतर असूं शकतें, म्हणून पारख जातीची न करितां त्या एका कुत्र्याची करावी. कांहीं रोग्यांना केवळ नराच्या प्रोस्टेट ग्रंथींत उत्पन्न होणाऱ्या एका प्रथिनाचाच त्रास होतो. त्यांना मादी पाळल्यास निभाव लागण्याचा संभव असतो. हें रक्ताच्या तपासणीवरून कळतें.

परंतु त्याहि आधीं, दोष खरोखर कुत्र्याचाच आहे काय, हें पाहावें. आपल्या जिल्ह्यांत शिंका आणावयास कारणें थोडीं नाहींत. कापसाची धूळ, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, चुलीचा धूर, गोधड्यांतील डोळ्यांस न दिसणारे किडे. आणि 1950 नंतरच्या दशकांत पुण्याकडे प्रथम दिसून आतां बांधाबांधावर माजलेलें गाजरगवत! यांपैकीं खरा गुन्हेगार दुसराच असावा आणि शिक्षा मुक्या कुत्र्यास व्हावी, असें सहज घडूं शकतें. कातडीवर थेंब ठेवून सुईनें किंचित् टोंचण्याची एक चांचणी आहे. पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठली तर उत्तर मिळतें. चांचणीपूर्वीं कोणतीं औषधें बंद ठेवावयाचीं, तें मात्र डॉक्टरांनाच विचारावें. नवें पिलूं आणावयाचें असल्यास, दमा आटोक्यांत असलेल्या रोग्यानें आधीं धन्याच्या घरीं दोन-चार वेळां जाऊन त्याच्या सहवासांत बसून पाहावें. घरीं आणून मग परत करणें हें मुलासहि दुःखाचें आणि पिलासहि.

कुत्रें ठेवावयाचें ठरलें, तर त्याची जागा ओसरीच्या खालीं. माजघरांत नको, आणि रोगी निजतो त्या खोलींत तर मुळींच नको. आठवड्यांतून दोनदां स्नान घालावें. स्नानानें दोष कमी होतो, पण दोन-तीन दिवसांतच तो पूर्ववत् होतो. स्नान घालणें, अंग विंचरणें हें काम घरांतील निरोगी माणसाचें. कोरडी केरसुणी धूळ खालून वर उडविते, म्हणून जमीन ओल्या फडक्यानें पुसावी. गोधड्या नुसत्या उन्हांत टाकून भागत नाहीं. त्या कढत पाण्यांतून काढाव्या. आणि श्वासावाटे घ्यावयाचें औषध, बरें वाटलें म्हणून मनानें सोडूं नये.

इतकें करूनहि मुलास रात्रीं धाप लागत असेल, तर येथें भीड नको. कुत्रें घरांतून हलविलेंच पाहिजे. स्वीडनमध्यें लाखों मुलांच्या नोंदी तपासून 2015 सालीं असें दिसलें कीं, जन्मापासून कुत्र्याच्या सहवासांत वाढलेल्या मुलांत दमा कांहींसा कमी असतो. परंतु ज्याला दमा जडलाच आहे त्याच्या बाबतींत या आधारावर धोका पत्करणें वेडेपणाचें होईल. कुत्रें गेलें तरी त्याचे कण घरांत कित्येक महिने राहतात. तेव्हां आठ दिवसांत गुण आला नाहीं म्हणून तें परत आणूं नये.

हलविणें म्हणजे वाऱ्यावर सोडणें नव्हे. तें शेतावरच्या खोपटांत ठेवावें, त्यास वर्षाचे वर्षास रेबीजची लस टोंचावी, भाकरी वेळेवर पोंचवावी. राखणहि चालू राहील. आणि जागलीवरून पहांटे परतणाऱ्या बापानें आपली घोंगडी बाहेरच्या खुंटीस अडकवून, हातपाय धुऊन व सदरा बदलून मगच मुलाजवळ जावें.