दिनकररावांचा कारभार आणि आपल्या हातातली पावती



साहित्याच्या व्यासपीठावर सरकारी कारभाराचा विषय कशाला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. आपली घरे लष्करच्या गल्ल्यांतून उभी राहिली ती तलवारीवर थोडी आणि लेखणीवर फार. शिंद्यांच्या दफ्तरात, पुढे मध्य भारताच्या सचिवालयात, आणि १९५६ साली राजधानी भोपाळला गेल्यावर इथे राहिलेल्या महालेखाकार कार्यालयात नि राजस्व मंडळात आपल्या तीन-चार पिढ्या खर्डेघाशी करत आल्या. ज्यांच्या कवितेवर आपण आपला हक्क सांगतो त्या भा. रा. तांब्यांनीसुद्धा संस्थानी नोकरीतच दिवस काढले. टेबलाच्या आतल्या बाजूला बसणारे आपण होतो. आता आपल्यापैकी बहुतेक जण बाहेरच्या बाजूला उभे असतात. म्हणून हा विषय.

मला एका माणसाविषयी बोलायचे आहे, आणि त्याच्या निमित्ताने एका कायद्याविषयी. माणूस म्हणजे सर दिनकरराव राजवाडे. कायदा आपल्याच राज्यातला, २०१० सालचा. मध्ये दीडशेहून अधिक वर्षे आहेत, पण दोघांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: सरकार आणि रयत यांच्या मध्ये कोण उभा असतो आणि त्याचे पोट कशावर भरते?

दिनकररावांचा जन्म २० डिसेंबर १८१९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या चित्पावन घराण्यातला. पूर्वज शिंदेशाहीत चाकरीला होते, म्हणून पंधराव्या वर्षी तेही ग्वाल्हेरच्या चाकरीत शिरले. पुढे एका प्रांताचा कारभार हाती आला, तिथली पोलीस आणि वसुलीची व्यवस्था त्यांनी ताळ्यावर आणली, आणि १८५१-५२ च्या सुमारास, वयाची जेमतेम बत्तिशी गाठताना, ते दिवाण झाले.

दौलत त्या वेळी कशी होती? २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार इथे एकाच दिवशी दोन लढाया हरून आपण इंग्रजांपुढे नमलो होतो. गादीवर दत्तक आलेले जयाजीराव अजून पोरवयात. खजिन्यात खडखडाट, फौज बेदिल, आणि अंमल कोणाचा याचाच पत्ता नाही. पण रयतेच्या दृष्टीने खरे दुखणे याहून जुने होते. त्याचे नाव इजारा.

इजाऱ्याची पद्धत आज समजावून सांगावी लागते. एखाद्या परगण्याच्या वसुलीचा मक्ता सरकार बोली बोलणाऱ्याला देई. इजारदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरली की सरकारचे काम संपले. तो कुळाकडून किती घेतो, कसा घेतो, दुष्काळात सूट देतो की बैल सोडून नेतो, हे विचारणारा कोणी नाही. मक्ता पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील याची खात्री नसल्यामुळे विहीर बांधणे, बी-बियाण्याला तगाई देणे, असल्या गोष्टींत त्याला रस नाही. हातात आहे तोवर पिळून घ्यायचे. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हेच झाले, आणि एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात त्याची नोंद करून ठेवली आहे. आपण पेशवाई बुडाल्याची कारणे सांगताना त्रिंबकजी डेंगळ्यांपाशी फार रेंगाळतो. इजाऱ्यापाशी थोडे अधिक थांबायला हवे.

या पद्धतीत सरकारलाच ठाऊक नसते की आपल्या नावाने कोणाकडून काय घेतले जाते. रयतेलाही ठाऊक नसते की आपले देणे नेमके किती. दोघांच्या या अज्ञानावर मधला माणूस जगतो. दिनकररावांनी घाव घातला तो इथे. इजाऱ्याची पद्धत मोडली, जाचक पट्ट्या आणि कर काढून टाकले, लोकोपयोगी बांधकामे हाती घेतली. खर्च मेळात यावा म्हणून पगार कापले, आणि कापताना स्वतःच्या पगारालाही कात्री लावली. तुटीत चाललेली दौलत शिलकीत आली. यातली पगारकपातीची गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, आणि कौतुक करण्यासारखी ती आहेच. पण माझ्या मते ती दुय्यम. दिवाणाने अर्ध्या पगारात काम केले तरी इजारदार जागेवर असता तर शेतकऱ्याच्या दारचा बैल गेलाच असता.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो ग्वाल्हेरात दिनकररावांचे नाव काढले की उठतोच. १८५७.

१४ जून १८५७ ला मुरारच्या छावणीतल्या कंटिंजंट पलटणी उठल्या. दिनकरराव इंग्रजांच्या बाजूने राहिले आणि जयाजीरावांनाही त्यांनी त्याच बाजूला ठेवले. पुढच्या वर्षी १ जूनला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरवर चालून आले, तेव्हा शिंद्यांचे स्वतःचे सैन्य त्यांना जाऊन मिळाले, आणि महाराज व दिवाण यांनी आग्रा गाठला. जो खजिना दिवाणांच्या काटकसरीने भरला होता तोच उघडून सैनिकांचे पगार आणि बक्षिसे वाटली गेली. त्या वाटपासाठी खजिनदार अमरचंद बांठिया यांना त्याच महिन्यात सराफ्यात फाशी झाली. फुलबागेजवळच्या राणीच्या समाधीवर आपण दर जूनमध्ये फुले वाहतो. दिनकररावांच्या नावाने असे काही करत नाही, आणि त्यात मला अन्यायही वाटत नाही. ज्याने त्या दिवशी जी बाजू घेतली तिचा हिशेब त्याच्या नावावर राहणारच.

तरी एवढे म्हणतो की त्यांना नुसते इंग्रजांचे होयबा ठरवून प्रश्न सुटत नाही. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप आला. चौकशीला सहा जण बसले: तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी तिघांत जयाजीराव, जयपूरचे महाराज आणि आपले दिनकरराव. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला. तिघा हिंदींना वाटला नाही. सरकारने मल्हाररावांना पदच्युत केलेच, ती गोष्ट वेगळी. ज्या व्हाइसरॉयने नेमले त्याला हवा तो निकाल या माणसाने दिला नाही, हेही त्याच्या खात्यावर जमा धरावे लागते.

सत्तावनातून मला दिसते ते दुसरेच. सुधारलेल्या कारभाराने लोकांचा भार हलका केला, पण लोकांना विचारले कधी नाही. शिपायाला काय वाटते, शेतकऱ्याला काय हवे, हे वर पोचायची वाट नव्हती. सगळे दिवाणाच्या डोक्यात आणि दिवाणाच्या सहीत. त्यामुळे डिसेंबर १८५९ मध्ये दिनकरराव दिवाणगिरीवरून गेले, तेव्हा एखाद्या खेड्यातल्या कुळाला असे म्हणता येत नव्हते की बाबांनो, माणूस बदलला तरी माझा हक्क बदलत नाही. हक्क नव्हताच. कृपा होती, आणि कृपा करणारा गेला होता.

माधवराव महाराजांच्या काळाबद्दलही हेच म्हणता येईल. १८९४ मध्ये त्यांच्या हाती अधिकार आले आणि १९२५ पर्यंत त्यांनी केलेली कामे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. दोन फुटी रुळांची ती छोटी गाडी, भिंड, शिवपुरी आणि श्योपूरकडे जाणारी, आपल्यापैकी कितीतरी जणांनी तिच्या टपावर बसलेली माणसे पाहिली आहेत. तिघऱ्याचे धरण त्याच काळातले. ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटले आणि पुन्हा बांधले गेले, आणि आज शहर पाणी पिते ते त्याचेच. राजे वेष पालटून गावात फिरत आणि कामचुकारांना पकडत, अशा गोष्टी प्रत्येक संस्थानात सांगतात, आपल्याकडेही सांगतात. खऱ्या-खोट्याच्या वादात मी पडत नाही. मात्र राजाला खरे कळण्यासाठी वेष पालटावा लागतो, याचा अर्थ तक्रारीला सरळ रस्ता नव्हता, एवढे त्या गोष्टी ऐकताना ध्यानात घ्यावे.

हा सरळ रस्ता आपल्या राज्याने २०१० साली काढला. मध्य प्रदेश लोकसेवा गारंटी अधिनियम. देशात अशा प्रकारचा हा पहिला कायदा, आणि २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही त्याला मिळाला. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा आला २०१५ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की हे त्यांना जरूर सांगा. आपल्याला असे सांगायची संधी फार वेळा मिळत नाही.

कायद्याची रचना साधी आहे. शासन एकेक सेवा अधिसूचित करते: मूळ निवासी दाखला, खसरा-खतौनीची नक्कल, वीजजोडणी, सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन. प्रत्येक सेवेपुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. ती देणारा अधिकारी कोण, किती दिवसांत द्यायची, आणि न दिल्यास अपील कोणाकडे. अर्ज दिला की पावती मिळते. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर तीस दिवसांत पहिले अपील, तिथेही झाले नाही तर दुसरे. दुसऱ्या अपिलात उशिराला सबळ कारण दिसले नाही तर अधिकाऱ्याला दंड होतो, दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पाच हजार. आणि ही रक्कम अर्जदाराला भरपाई म्हणून देता येते.

या शेवटच्या वाक्यात मला दिनकररावांच्या पुढचे पाऊल दिसते. कचेरीतला उशीर आजवर फुकट होता. म्हणजे बाबूला फुकट, अर्जदाराला नव्हे. अर्जदार डबरा किंवा भितरवारहून बसभाडे भरून येई, दिवसाची मजुरी बुडवी, आणि ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे ऐकून परत जाई. त्या उशिरावर कचेरीबाहेरचा दलाल जगे. दलाल काय विकतो? फाईल कोणाच्या टेबलावर अडली आहे ही माहिती, आणि ती पुढे सरकेल ही आशा. इजारदाराचाच हा वंशज. वसुलीची रक्कम लहान झाली आणि मक्ता तोंडी झाला, इतकेच. ज्या दिवशी अर्जदाराला पावतीवरून कळते की माझी फाईल अमक्याकडे आहे आणि अमक्या तारखेला ती निघालीच पाहिजे, त्या दिवशी दलालाच्या दुकानातला निम्मा माल संपतो.

निम्माच, हेही सांगितले पाहिजे. कायदा चालतो कसा, हे लोकसेवा केंद्राच्या रांगेत उभे राहिले की कळते. मुदत संपत आली की ‘कागद अपुरे’ असा शेरा मारून अर्ज निकाली काढता येतो. नोंदीत काम वेळेत झालेले दिसते आणि माणसाच्या हातात काहीच नसते. दंडापर्यंत पोचायला दोन अपिले लागतात, आणि ज्याच्याशी उद्या पुन्हा काम पडणार त्या तहसीलविरुद्ध अपील करायला छाती लागते. गावात ज्याच्या बांधावरून पटवाऱ्याची मोजणी जायची आहे, तो पटवाऱ्याशी भांडत नाही. शिवाय मुदत फक्त मोजता येण्याजोग्या कामांना घालता येते. नळजोडणीला दिवस ठरवता येतात. कमी पावसाच्या वर्षी तिघऱ्याचा साठा खाली जातो आणि नळाला दिवसाआड पाणी येते, तेव्हा कोणत्या अधिकाऱ्याकडून अडीचशे रुपये मागणार? तिथे वितरणाच्या गळतीचा हिशेब, धरणातला गाळ, नगर निगमचे अंदाजपत्रक, हे सगळे लागते. शाळेत मास्तर वेळेवर येतो की नाही हे मोजता येईल, पण शिकवतो की नाही याला पावती नाही. शासनाने पुढे १८१ क्रमांकाची सीएम हेल्पलाईन काढली, तिचा उपयोग होतो. पण प्रत्येक गटाराची तक्रार मुख्यमंत्र्यांच्या नावाने करावी लागणे, यात मला पुन्हा जुना दरबार दिसू लागतो.

म्हणून, वाचकहो, एक सूचना करून थांबतो. आपल्या मंडळाच्या वाचनालयात सायंकाळी येणाऱ्या सभासदांत कचेऱ्यांत आयुष्य घालवलेले कितीतरी जण आहेत. शेरा कसा मारतात, कोणता कागद खरोखर लागतो आणि कोणता नुसता मागतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? त्यांनी आठवड्यातून एक दिवस, दोन तास, वाचनालयाच्या ओसरीवर टेबल मांडावे. येईल त्याचा अर्ज तपासून द्यावा, पावतीवरची तारीख वाचून दाखवावी, मुदत टळली असेल तर पहिल्या अपिलाचा मसुदा करून द्यावा. मराठी-अमराठी पाहू नये. फी घेऊ नये, नाहीतर आपणच दलाल होऊ. अपील अर्थातच हिंदीत लिहावे लागेल. आपल्या मंडळींच्या हिंदीत मराठी डोकावते म्हणून घरची नातवंडे हसतात, पण तहसीलदाराला ती समजते. तीस दिवसांची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही, तेव्हा टेबल पुढच्या महिन्यापासूनच मांडलेले बरे.