मारणाऱ्या पोराचं काय करायचं?

(माधवनगर येथे पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी संगणकाचा माणूस. शिक्षणतज्ज्ञ नाही, वकीलही नाही. पण दोन मुलांचा बाप आहे आणि पुण्याहून गावी आलो की एक तक्रार हमखास कानावर येते : अमक्याच्या पोराला शाळेत मारलं. मारणारा कोण असं विचारलं की उत्तर दोन तऱ्हेचं येतं. तो आपल्यातला असेल तर 'जाऊ द्या, पोरंपोरं आहेत.' दुसऱ्या समाजातला असेल तर 'बघा, आता शाळेतही आपल्याला सोडत नाहीत.' मार तोच, फुटलेला ओठ तोच. बदललं ते मारणाऱ्याचं आडनाव. या दोन्ही उत्तरांबद्दल मला बोलायचंय.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात तथ्य आहे. 'पाकिस्तानी' म्हणून हाक मारणं, डब्यात काय आणलंय ते नाक धरून विचारणं, हे इथल्या किती मुलांनी सोसलंय ते तुम्हाला माहीत आहे. 2023 च्या ऑगस्टमधला मुजफ्फरनगर जिल्ह्यातला व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. शिक्षिका खुर्चीत बसलेली आणि वर्गातली पोरं एकेक करून उठून सात वर्षांच्या मुस्लिम मुलाच्या थोबाडीत मारतायत. शिक्षिकेवर आपण बोललो आणि बोलायलाच हवं होतं. पण त्या मारणाऱ्या पोरांचं काय?

तुषार गांधी हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने मार खाल्लेल्या मुलाच्या शिक्षणाची आणि समुपदेशनाची व्यवस्था करायला सांगितलं. ते कसं करायचं हे ठरवायला मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था नेमली. आणि ज्यांना मारायला लावलं त्या मुलांचंही समुपदेशन करा असं सांगितलं. राज्य सरकारने टाळाटाळ केली तेव्हा 2024 च्या फेब्रुवारीत याच मुद्द्यावर सरकारला पुन्हा सुनावलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. 'बाईंनी सांगितलं म्हणून मारलं' इथे न्यायालय थांबलं नाही, आणि त्या पोरांना गुन्हेगारही ठरवलं नाही. त्यांच्या हातून काय झालं हे कुणीतरी त्यांच्याजवळ बसून त्यांना समजावून द्यायला हवं, एवढंच. त्या वयाची जबाबदारी तेवढीच असते, पण तेवढी असतेच.

आपल्या कायद्यातही वयाची पायरी आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारामध्ये त्या मुलाला समज कितपत होती ते पाहतात. पुढे अठरापर्यंत बाल न्याय मंडळ : एक न्यायदंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई. साध्या मारामारीत मुलावर एफआयआर होत नाही; पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि मुलाच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, गरज पडल्यास विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. निर्भया प्रकरणानंतर 2015 चा कायदा आला आणि सोळा ते अठरामधल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही, याचा विचार होऊ लागला.

हे ऐकून कुणीतरी म्हणणार, म्हणजे तीनशे शब्दांचा निबंध! कल्याणीनगरची गोष्ट. 19 मे 2024 च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण गेले. दोघंही आमच्याच आयटी क्षेत्रातले अभियंते, त्यामुळे आमच्या ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मंडळाने काही तासांत जामीन दिला, अटींमध्ये तो निबंध होता. सगळा देश हसला, चिडला. मीही चिडलो. पण नंतर जे बाहेर आलं त्यापुढे निबंध किरकोळ वाटला. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, 'गाडी मीच चालवत होतो' असं म्हणायला ड्रायव्हरवर दबाव आणल्याचा आरोप. वडील, आई, आजोबा, ससूनचे डॉक्टर, सगळ्यांना अटक झाली. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. माझा प्रश्न बापाचा आहे. हे आरोप खरे असतील तर त्या मुलाला 'तू हे केलंस' असं म्हणणारं घरात एक तरी माणूस होतं का?

आपल्याकडे पोर्शे नाही. आपल्याकडे मामा आहेत, चाचा आहेत, नगरसेवकाचा फोन आहे. पोराने कुणाचा दात पाडला की संध्याकाळी चार बुजुर्ग बसतात, चहा होतो, 'सॉरी बोल' म्हणतात, तो जमिनीकडे बघून सॉरी म्हणतो आणि विषय मिटतो. मार खाल्लेलं पोर त्या खोलीत असतंच असं नाही! हुकूकुल इबाद आपण लहानपणापासून ऐकतो : माणसाचा हक्क मारला तर माफी त्याच माणसाची लागते. मग बुजुर्गांनी परस्पर माफ कसं केलं?

आणि आपली पोरं कुणाला मारतात तेही बघा. तोतरं बोलणाऱ्याला. बारक्याला. पिंजाऱ्याच्या पोराला त्याच्या धंद्यावरून चिडवणारा बागवानाचा पोरगा मी पाहिलाय, आणि त्याचे वडील शेजारी उभे राहून हसत होते. शाळेत मुस्लिम म्हणून टोमणा खाणारं पोर गल्लीत येऊन तोच टोमणा खालच्याला देतं. एकाची तक्रार घेऊन हेडमास्तरांकडे जायचं आणि दुसऱ्याला पोरखेळ म्हणायचं, हे पोरांना बरोबर कळतं.

मग करायचं काय? आमच्या कामात सिस्टीम बंद पडली की पहिल्यांदा नोंद लिहितात : किती वाजता, काय झालं, कुणी पाहिलं. मत नंतर. शाळेत जाताना तसा एक कागद न्या. तारीख, जागा, शब्दशः काय बोलला, दवाखान्याची चिठ्ठी, फोटो. धर्मावरून काही बोललं गेलं असेल तर तेही लिहा, जसंच्या तसं, स्वतःचं भाष्य न जोडता. अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. आमच्याकडे त्या नोंदीत दोष कुणाचा हे मुद्दाम लिहीत नाहीत. इथे ते चालणार नाही. यंत्राला लाज वाटत नाही, पोराला वाटते आणि थोडी वाटायला हवी.

दोन गोष्टी मात्र मागू नका. 'सर, त्याला चांगला चोपा' हे एक. गोश्त आपका, हड्डी हमारी म्हणत आपल्याला मदरशात सोडलं तो जमाना गेला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे. आणि जो मारूनच शिकला तो मारणारच. दुसरं, 'त्याला काढून टाका.' प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. काही शाळा गुपचूप दाखला हातात देतात. त्याने एवढंच होतं की तोच मुलगा जूनमध्ये बुधगावच्या शाळेत दुसऱ्या कुणाला तरी मारतो.

मागायचं ते हे : मारणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने काय केलं ते आईबापासमोर सांगावं. चष्मा फुटला असेल तर पैसे त्याच्या घरातून यावेत आणि त्याच्या आवडीच्या एखाद्या गोष्टीला त्यासाठी कात्री लागावी. मार खाल्लेल्याला समोर यायचं नसेल तर त्याच्यावर जबरदस्ती नको. महिन्याने पुन्हा बैठक. ही मागणी दोन्हीकडच्या आडनावांना सारखीच.

कॉलेजात हे होऊ शकतं, मग शाळेत का नाही? महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा 1999 मध्येच केला. 2009 मध्ये यूजीसीचे नियम आले, तेव्हापासून प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक दोघांनाही प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. माझ्या फॉर्मवर अब्बांनी सही केली तेव्हा ते म्हणाले, 'आता तू काही केलंस तर मीही अडकणार.' तो कागद कितपत चालतो यावर वाद घालता येईल, पण अब्बांचं ते वाक्य माझ्या चांगलं लक्षात राहिलं.

आणखी एक, बघणारी पोरं. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाने 'किवा' नावाचा शाळांसाठीचा कार्यक्रम केला, त्याचा सगळा भर त्यांच्यावर आहे. दादा पोराला प्रेक्षक लागतात. हसणारे कमी झाले की त्याचा अर्धा जोर जातो. म्हणून घरी 'तुला कुणी मारलं का' एवढंच विचारू नका. 'आज कुणाला मारलं, तेव्हा तू कुठे होतास' हेही विचारा.

बदलापूरच्या घटनेनंतर, 2024 च्या ऑगस्टमध्ये, सरकारने तक्रारपेटीबद्दल शाळांना पुन्हा बजावलं. सोमवारी मुलांना सोडायला जाल तेव्हा ती पेटी कुठे लावलीय ते बघा. हेडमास्तरांच्या दारातच असेल तर कोणतं पोर तिच्यात चिठ्ठी टाकणार? किल्ली कुणाकडे असते आणि शेवटची कधी उघडली तेही विचारा. जे उत्तर मिळेल ते लिहून पुढच्या बैठकीला आणा.