कारळ्याचे फूल
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कारळ्याची चटणी ज्यांच्या पानात कधी पडली नाही, असे घर या सभेत क्वचितच आढळेल. परंतु कारळ्याचे फूल किती जणांनी पाहिले आहे, असे विचारल्यास वर येणारे हात बोटांवर मोजता येतील. यास्तव या उपेक्षित पिकाविषयी चार शब्द सांगण्याची आम्ही आपली अनुज्ञा मागतो.

कारळा अथवा खुरासणी ही सूर्यफूल व शेवंती यांच्या कुळातील वनस्पती होय. तिचे मूळस्थान इथिओपिया. आपल्याकडे नाशिकच्या डोंगराळ भागात, जेथे दुसरे पीक धड उभे राहत नाही अशा हलक्या, उताराच्या जमिनीत ती केवळ पावसाच्या पाण्यावर येते. पावसाळा सरत आला म्हणजे तिची शेते पिवळ्या फुलांनी भरून जातात. तिच्या दाण्यात शेकडा ३० ते ४० तेल असते.

हेक्टरी सुमारे ५ किलो बी पुरते. बी बारीक असल्याने ते वाळूत मिसळून, सुमारे ३० सेंटिमीटर अंतराच्या ओळींत जुलैमध्ये पेरावे व पंधरा-वीस दिवसांनी विरळणी करावी. पेरण्यापूर्वी बी चाळून घेणे अगत्याचे, कारण त्यात मिसळलेले अमरवेलीचे बी पुढे सारे पीक ग्रासते. सुमारे शंभर दिवसांनी बोंडे काळपट होताच कापणी करावी; विलंब केल्यास दाणा झडतो. इगतपुरीच्या संशोधन केंद्राने ‘फुले कारळा-१’ हे सुधारित वाण दिलेले आहे.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी वडिलोपार्जित माळावर आम्ही अर्धा एकर कारळा पेरला. फुले अशी आली की रस्त्याने जाणारे थांबून पाहत. त्याच सुमारास शेजारच्या तासांतील वालावर मावा पडला. आम्ही भर सकाळी औषध फवारले. मळणीच्या वेळी पाहतो तो बोंडे पोचट! वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे राबणारे वृद्ध गडी एवढेच म्हणाले, “धनी, माशीच मारलीत, आता दाणा कोण भरणार?”

त्यांचे बोलणे शास्त्रास धरून होते. कारळ्याच्या झाडास स्वतःच्या परागाने दाणा धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग यावा लागतो आणि तो मुख्यत्वे मधमाश्या आणतात. पुढील वर्षी आम्ही फुलोऱ्यात औषधाचा थेंबही वापरला नाही, दोघा शेजाऱ्यांस पेरणीस प्रवृत्त केले आणि बांधावर मधपेट्या ठेवविल्या. त्या वर्षी पोतेभर दाणा घरी आला.

हे पीक दिवसेंदिवस आटत चालले आहे. वस्तुतः शासनाच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत त्याचे स्थान आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ८,७१७ रुपये हा भाव जाहीर झाला होता. भारतातील कारळा अमेरिकेत पाखरांचे खाद्य म्हणून जातो. त्यात मिसळलेले अमरवेलीसारख्या तणांचे बी तेथे उगवू नये म्हणून त्यास उष्णता देतात. परदेशी पाखरांस जो दाणा परिचित, त्याचे फूल आमच्या नातवंडांस अपरिचित असावे, ही गोष्ट मनास लागते.

ज्या बांधवांची गावाकडे थोडीफार माळजमीन शिल्लक आहे, त्यांनी ती पडीक न ठेवता एक पट्टा तरी कारळ्याचा करावा, ही आमची नम्र विनंती. मात्र एकट्याने करू नये. शेजारचा बांधही सोबत घ्यावा, मग तो कोणाचाही असो. फुलोरा येईल तेव्हा मुलांस सुटीत तेथे अवश्य न्यावे.