हातावरचे पोट आणि मोठे आजारपण

नोकरदार मनुष्य अंथरुणाला खिळला, तर त्याला रजा मिळते. स्वतःच्या हिमतीवर दुकान चालविणारा शिंपी किंवा सुतार अंथरुणाला खिळला, तर दुकानाचेच दार बंद होते. प्राप्ती थांबते आणि त्याच वेळी इस्पितळाचे बिल पुढ्यात येते. १९४८ च्या कायद्यान्वये कामगार राज्य विमा योजना १९५२ साली प्रथम कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. परंतु तिची वर्गणी मालक आणि कामगार या दोघांनी मिळून भरावयाची असते. जो स्वतःच आपला मालक, त्याला या छत्राखाली जागा नव्हती.

या अडचणीतून कर्नाटकाने एक वाट काढली. २००३ साली तेथे ‘यशस्विनी’ योजना कार्यान्वित झाली. सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदाने आरंभी वर्षाला माणशी अवघे ६० रुपये भरावयाचे, सरकारने त्यात भर घालावयाची, आणि शस्त्रक्रियेचा प्रसंग आलाच, तर ती ठराविक इस्पितळांत रोख पैसे न मोजता व्हावयाची. गावोगावच्या सोसायट्या होत्याच. वर्गणी गोळा करण्यास वेगळे खाते उघडावे लागले नाही. सर्दी-पडशाचा खर्च मात्र योजनेने उचलला नाही. लहान खर्च घराने सोसावा आणि जमीन विकावयास लावणारा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा, हेच अशा विम्याचे मर्म होय.

ऐच्छिक विम्यास एक कीड मात्र लागते. शस्त्रक्रिया ठरली की वर्गणी भरावयाची आणि प्रकृती धडधाकट असली की विसरावयाची, असे सारेच करू लागले, तर गंगाजळी आटणारच. २०१८ मध्ये यशस्विनी ‘आरोग्य कर्नाटक’ योजनेत विलीन झाली; सहकारी सभासदांच्या मागणीमुळे पुढे ती पुन्हा चालू करावी लागली.

व्यक्तिगत आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. तरीही आधीपासून असलेल्या दुखण्यासाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबावयास लावू शकते. म्हणून तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. विमा उतरवावा तो प्रकृती ठणठणीत असताना. शिवाय इस्पितळाचे बिल विमा भागवील, बंद दुकानाचे भाडे नव्हे. त्यासाठी दोन-तीन महिन्यांची शिल्लक गाठीला ठेवणे, हा कष्टकऱ्याचा दुसरा आणि तितकाच आवश्यक विमा होय.