किल्लीची लांबी कोणी ठरवायची?

(मुलुंड येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



बँकेचा व्यवहार संगणकावरून करताना पडद्यावर एक छोटे कुलूप दिसत असे. त्या कुलपाची किल्ली म्हणजे एक आकडा. आकडा जितका लांब, तितके कुलूप भक्कम. ही लांबी बिट या एककात मोजतात आणि परदेशी ग्राहकाला ती किती मिळावी, हे अनेक वर्षे वॉशिंग्टनमध्ये ठरत होते.

१९९६ च्या अखेरपर्यंत अमेरिकेने एन्क्रिप्शनची, म्हणजे कूटलेखनाची गणना युद्धसाहित्यात केली होती. रणगाडे आणि पत्र गुप्त ठेवणारे सॉफ्टवेअर एकाच सूचीत! स्वदेशीयांना १२८ बिटांची किल्ली, परदेशातील सामान्य ग्राहकाला बहुधा ४० बिटांची. अशा किल्ल्या सुमारे एक लाख दहा हजार कोटी होतात. संख्या प्रचंड वाटते खरी. परंतु जानेवारी १९९७ मध्ये बर्कले विद्यापीठातील इयान गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने सुमारे २५० संगणक जुंपून असे कुलूप साडेतीन तासांत उघडून दाखविले. २००० च्या जानेवारीत अमेरिकेने निर्बंध बरेच सैल केले.

अमेरिकेला बोल लावून थांबणे सोपे आहे. पण आपल्याच दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवेच्या परवान्यात तीच ४० बिटांची मर्यादा घातली होती. त्याहून लांब किल्ली हवी, तर शासनाची अनुमती घ्यायची आणि उकल करण्याचे साधन शासनाकडे ठेवायचे. इकडे जून २००१ मध्ये रिझर्व्ह बँक बँकांना किमान १२८ बिटांचे संरक्षण सुचवीत होती. डाव्या हाताचे उजव्या हाताला ठाऊक नसावे, असा हा कारभार.

मर्यादेमागे कारण नव्हते असे नाही. ११ जुलै २००६ रोजी बोरिवली, जोगेश्वरी, खार येथे लोकलमधील स्फोट सोसलेल्या उपनगरांना घातपात्यांचे निरोप वाचता येण्याची निकड कोणी पटवून द्यायला नको. तथापि दुबळे कुलूप पोलीस आणि चोर यांत भेद करीत नाही.

निर्बंध केवळ सॉफ्टवेअरवर नव्हते. पोखरणच्या चाचण्यांनंतर, नोव्हेंबर १९९८ मध्ये, अमेरिकेने ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव निर्बंधित संस्थांच्या यादीत घातले. ते वगळले गेले जानेवारी २०२५ मध्ये. मात्र या केंद्राने 'अनुपम' हे समांतर संगणक नव्वदच्या दशकाच्या आरंभापासूनच स्वतः उभारले होते. दार बंद झाले तेव्हा घर रिकामे नव्हते.

डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला. लष्करी व नागरी अशा दोन्ही उपयोगांच्या वस्तूंची निर्यात कशी रोखावी, हे सदस्य राष्ट्रे तेथे सहमतीने ठरवितात. भारताच्या 'स्कोमेट' सूचीत आता कूटलेखनही आहे. बाजारात सर्वांना सहज मिळणाऱ्या उत्पादनांना सवलत आहे. परंतु अंधेरीच्या सीप्झमधील एखाद्या उद्योजकाला सूचीत बसणारे उत्पादन बाहेर पाठवायचे असेल, तर विदेश व्यापार महासंचालनालयाची अनुमती घ्यावी लागते. हा माल अखेर कोण आणि कशासाठी वापरणार, असे त्याला विचारले जाते. विचारणारा अधिकारी भारताचा असतो.