यंत्र घ्यावे की भाड्याने आणावे?

श्रोतेहो, पूर्णा नदीवर येलदरीच्या खाली आपले सिद्धेश्वर धरण १९६८ साली पुरे झाले. हळद म्हणजे आठ-नऊ महिन्यांचे पीक. पाण्याच्या भरवशाशिवाय ते कोण करील? आज ह्या भागातील हळदीला नाव आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

२००२ साली कंपनी कायद्यात सुधारणा झाली. तेव्हापासून दहा शेतकरी एकत्र येऊन आपली उत्पादक कंपनी काढू शकतात. भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. आता अशा कंपनीच्या बैठकीत पहिली मागणी कोणती निघते? “हळद पॉलिश करण्याचे यंत्र आपले स्वतःचे पाहिजे!” मागणी रास्त वाटते. पण थोडे थांबा, हिशेब मांडू.

आकडे समजुतीपुरते धरू. यंत्र चार लाखांचे. दहा टक्क्यांनी व्याज चाळीस हजार. दहा वर्षांत यंत्र झिजते, म्हणजे वर्षाची झीजही चाळीस हजार. यंत्र चालो अथवा उभे राहो, वर्षाला ऐंशी हजार गेलेच! भाड्याने पॉलिश करून घेतल्यास क्विंटलला शंभर रुपये, घरच्या यंत्रावर वीज व मजुरी मिळून साठ. बचत चाळीस. तर ऐंशी हजार भरून निघायला दोन हजार क्विंटल हळद पाहिजे. दहा सभासदांची दोन-दोन एकर, एकरी वीस क्विंटल वाळलेली हळद धरली, तरी होतात चारशेच.

मग घेऊच नये का? तसेही नाही बरं का. सगळ्यांची हळद एकाच हंगामात निघते. भाड्याचे यंत्र वीस दिवस उशिरा आले, आणि मध्येच अवकाळी पाऊस झाला, तर वाळवणाचे काय होईल ते तुम्ही जाणताच. ते नुकसानही हिशेबात घालावे लागते. बहुतेक बैठकांत ते कोणी घालत नाही.

आणि समजा, यंत्र घेतलेच. शेजारगावचा शेतकरी म्हणाला, “पंचाहत्तर देतो, माझी हळद काढून द्या.” चिटणीस म्हणतील, “परवडत नाही, आपले चार लाख अडकले आहेत.” अहो, ते चार लाख त्याला परत पाठवले तरी अडकलेलेच राहणार! यंत्र रिकामे असेल तर साठ खर्चून पंचाहत्तर घ्यावेत, पंधरा हाती राहतात. यंत्राजवळ सभासदांचीच पोती रांगेत असतील, तर मात्र त्याला नम्रपणे नाही म्हणावे.

गुरुजी, हे गणित आपण वरच्या वर्गात फळ्यावर घालून पाहा. आकडे माझे नकोत. मुलांनी घरून भाव, मजुरी आणि भाडे विचारून आणावे.